लायपोवरच्या 'सी'साठी जास्त पैसे मोजावेत का?

चिखलगाडी: आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाडीसाठी लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) घेताना बहुतेक जण आधी 'सी' बघतात, म्हणजे बॅटरी तिच्या क्षमतेच्या किती पट करंट देऊ शकते तो आकडा. 100सी दिसलं की खिशात हात. माझं स्पष्ट मत, हे पैसे पाण्यात जातात. 5000 एमएएच क्षमता म्हणजे 5 अँपिअर-तास. गुणिले 50सी, म्हणजे 250 अँपिअर सलग. तेवढा करंट खरंच ओढला तर बॅटरी 72 सेकंदांत रिकामी! तीच बॅटरी 1/10 (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या मापाच्या) गाडीला 15 मिनिटं पुरली, तर सरासरी निघते 20 अँपिअर. मग 100सी हवंय कुणाला?

गिअरवेडा: सरासरी काढलीत तिथेच गडबड झाली. उभ्या गाडीला पूर्ण थ्रॉटल दिला की ब्रशलेस मोटर क्षणभर सरासरीच्या कितीतरी पट करंट ओढते. बॅटरी कमी पडली की व्होल्टेज कोसळतं, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) कटऑफ मारतो, म्हणजे मोटरची वीज तोडतो, आणि अर्धा चार्ज शिल्लक असताना गाडी अडखळते. स्वस्तातले 25सीचे पॅक असे ताणून फुगलेले मी पाहिलेत. नवीन मुलांना 'सी बघू नका' सांगणं मला धोक्याचं वाटतं.

चिखलगाडी: झटक्याचं मान्य. पण व्होल्टेज कोसळतं ते इंटर्नल रेझिस्टन्समुळे, म्हणजे बॅटरीच्या आतल्या रोधामुळे. टूएस (एकापुढे एक जोडलेल्या दोन सेलच्या) पॅकचा रेझिस्टन्स 6 मिलिओम असेल तर 100 अँपिअरला 0.6 व्होल्ट जातात, 12 असेल तर 1.2. अर्धा वापरलेला पॅक 7.5वर असेल तर तो थेट 6.3वर येणार, आणि सेलमागे 3.2चा कटऑफ लावला असेल तर गाडी थांबलीच. स्टिकरवर 100सी असलं तरी हे होतं, कारण तो आकडा कंपनी स्वतःच ठरवून छापते.

सोल्डरवाला: रेझिस्टन्सवरही डोळे मिटून विसंबू नका. थंड पॅकचा जास्त दिसतो, आणि दोन चार्जर दोन आकडे दाखवतात. पॅक नवीन असतानाच मोजा, आकडा टेपवर लिहून पॅकला चिकटवा, पुढे त्याच चार्जरवर साधारण त्याच तापमानाला ताडून बघा. दुकानात मात्र वजन विचारा. जास्त करंट खरंच देणाऱ्या पॅकमध्ये तांबं-ॲल्युमिनियम जास्त लागतं, म्हणून त्याच एमएएचला तो जड भरतो. 100सीवाला 30सीवाल्याइतकाच हलका असेल तर मी तरी घेणार नाही.

गिअरवेडा: वजनाचं पटलं. पण आकडा अगदीच निरुपयोगी, हे नाही पटत. एकाच कंपनीच्या 30सी आणि 60सीमधला फरक थ्रॉटलला जाणवतो. आणि नुसता सी बघून फसणारेही आहेत: 2200ची 50सी बॅटरी कागदावर 110 अँपिअर देते, 5000ची 30सी देते 150.

चिखलगाडी: एकाच कंपनीच्या दोन पॅकमध्ये तुलना करा, माझी हरकत नाही. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून दुप्पट पैसे मोजू नका, एवढंच म्हणतोय. वाचलेल्या पैशांत चांगला बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा) येतो. त्यावर स्टोरेज मोड असतो; गाडी आठवडाभर चालवायची नसेल तर सेलमागे 3.8 व्होल्टवर आणून ठेवा.