वरची वस्ती, खालची वस्ती आणि मधली हद्द : अनुभव लिहा

काल रात्री पहिली जोराची सर आली, हद्दीवरचं गटार तुंबलं आणि दोन्हीकडच्या खिडक्यांतून एकाच वेळी 'तुमच्यामुळेच!' ऐकू आलं. त्यावरून एक जुनं भांडण आठवलं. ते कुणाचं, कधीचं, ते जाऊ दे. एकमेकींना लागून असलेल्या वस्त्यांमध्ये पाणी, कचरा, आवाज, भिंत, रस्ता यावरून जे पेटतं, त्यात नेमकं काय बिघडलेलं असतं आणि काय केलं की सुटतं ते लिहा. गाऱ्हाणी नकोत, मापं हवीत.

सुरुवात मीच करते. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर. ४०० चौरस मीटरची गच्ची आणि तासाला ५० मिमीची सर धरली तर तासाला २० हजार लिटर, म्हणजे सेकंदाला साडेपाच. वर अशा दहा इमारती असतील तर नुसत्या गच्च्यांचेच ५५ लिटर दर सेकंदाला हद्दीवर येतात, रस्त्याचं पाणी वेगळं. खालचे म्हणतात तुम्ही पाणी सोडता, वरचे म्हणतात पाणी खालीच जाणार. दोघांचंही खरं आहे. गोम असते पाइपात. वरच्यांनी १२ इंची टाकलेला असतो आणि हद्द ओलांडली की तो ९ इंची होतो. बघणाऱ्याला वाटतं, पाऊणपट तर आहे! पण उतार तोच असेल तर ९ इंची पाइप १२ इंचीच्या निम्म्याहूनही कमी पाणी नेतो. शंभरास एक उतारावर स्वच्छ १२ इंची काँक्रीट पाइप सेकंदाला १०० लिटरच्या आसपास वाहतो, ९ इंची ४७. येणारे ५५. उरलेले आठ लिटर कुणाच्या तरी तळमजल्यात जाणार. आणि हे गाळ नसताना.

'मग दोन सहा इंची टाकू, बारा होतील' असं म्हणणारा प्रत्येक बैठकीत एक असतोच. एका १२ इंचीच्या जागी ६ इंची सहा टाकले तरी थोडं पाणी उरतंच.

— तळमजला

माप घ्यायचंच तर पाइपाआधी उतार मोजा. गवंड्याची लेव्हल पाइप पुरते, यंत्र लागत नाही. १० मिमी व्यासाची पारदर्शक नळी, २० मीटर. बादली उंचावर ठेवून एका टोकाने पाणी ओढून भरायची. नळ लावून भरू नका, बुडबुडे राहतात. मग सगळी नळी उजेडात धरून बघायची. एक बुडबुडा अडकला तरी माप चुकतं, आणि चुकलंय हे कळतही नाही. दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते आधी पाहा. मगच एक टोक वरच्या चेंबरपाशी, दुसरं खालच्या. चालताना दोन्ही तोंडांवर अंगठा, माप घेताना दोन्ही अंगठे काढलेले. अर्ध्या चुका इथेच होतात, एक जण अंगठा काढायला विसरतो. पाणी डोलायचं थांबेपर्यंत थांबा. मग पाण्याच्या रेषेपासून पाइपाच्या तळापर्यंत दोन्हीकडे टेप. फरक भागिले अंतर. २० मीटरला २० सेंमी म्हणजे शंभरास एक.

तळ म्हणजे पाइपाचा तळ बरं का, चेंबरच्या झाकणाचा नाही. रस्ता दरवेळी थर चढवून वर येतो, त्यामुळे झाकणावरून उतार मोजला तर पाणी चढावर जातंय असंही निघेल.

— ओळंबा

नळी अर्धी उन्हात नि अर्धी सावलीत नको. उन्हातलं पाणी तापून हलकं होतं, त्या बाजूची रेष थोडी वर दिसते. सकाळीच उरका.

— पागोळी

दोन्ही बाजूंचा एकेक माणूस नळी धरायला हवा, हे लिहायचं राहिलं का? एकाच वस्तीने घेतलेलं माप दुसरी मानत नाही.

— सातवा मजला

+१ सातवा मजला.

पण तुम्ही सगळे पावसाच्या पाण्यावर अडकलात. खरी घाण वेगळीच असते. वरच्या कुणीतरी गच्चीचा पाइप मैल्याच्या चेंबरमध्ये सोडलेला असतो, कारण तो जवळ पडतो आणि खणायला लागत नाही. उन्हाळाभर काही कळत नाही. पाऊस आला की मैल्याची लाइन भरते आणि खालच्या वस्तीत सगळ्यात खालची जी जाळी असेल, बहुतेक न्हाणीघराची, तिथून वर येते. ज्यांच्या घरात येतं त्यांनी काहीच केलेलं नसतं.

शोधायचं कसं, तर कोरड्या दिवशी रंग टाकून. फ्लुओरेसिन नावाची पूड मिळते, हिरवी चमकते, चिमूटभर पुरते. बादलीत कालवून गच्चीच्या पाइपात ओता, मागोमाग आठदहा बादल्या पाणी. खाली दोघांनी दोन चेंबर उघडून उभं राहायचं, एक पावसाचं आणि एक मैल्याचं. रंग कुठे दिसला ते आणि किती मिनिटांनी, दोन्ही लिहून ठेवा. एका वेळी एकाच इमारतीचा पाइप. उत्साहात तीन इमारतींत एकदम ओतलं की सगळीकडे हिरवं आणि कुणाचं ते कळत नाही. पुढच्या इमारतीची पाळी आधीचा रंग पूर्ण वाहून गेल्यावरच.

(मोबाईलवरून लिहितेय, मशीन थांबलं. कपडे काढून येते.)

— दोरीवरचे कपडे

अवांतर : याच रंगाने एक मोठं भांडण उकललंय. जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी इमेंडिंगेनजवळ पात्रातच जिरतं. तेच पाणी कित्येक किलोमीटरवर आख नावाच्या गावच्या झऱ्यात निघतं की नाही, यावर वरच्या आणि खालच्या गावांचा वाद होता, दोन्हीकडे पाण्यावर चालणारे धंदे. १८७७ साली भूवैज्ञानिक आडोल्फ क्नोप यांनी नदीत १० किलो फ्लुओरेसिन ओतलं. सोबत मीठ आणि तेलही. साधारण ६० तासांनी झरा हिरवागार. त्याने वाद मिटला नाही हा भाग निराळा, नुसता 'पाणी कुणाचं' वरून 'पाणी अडवायचा हक्क कुणाचा' वर गेला आणि १९२७ मध्ये कोर्टात पोचला.

— जुनी वही

म्हणजे रंग मिटवत नाही, फक्त थापा बंद करतो. तेवढंही खूप झालं.

— तळमजला

चेंबर उघडण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून घाईने : वाकून आत डोकं घालू नका, आणि आत उतरणं तर कुणीच नाही, कुणाला उतरवूही नका. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड. वास 'गेला' तर वायू गेला असं नाही, तो वाढला की नाकच बधिर होतं. झाकण उघडून दहा मिनिटं लांब उभं राहिल्याने आतला वायू निघून जात नाही. रंग वरूनच टॉर्चने दिसतो. एक जण आत कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो.

— खबरदार

बरोबर. आणि काडी पेटवून बघणारे महाभाग पण असतात. मिथेन असतो तिथे.

— ओळंबा

तळमजल्यावाल्यांसाठी. नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवला की झालं, असं प्लंबर सांगतो. अर्धवट सांगतो. व्हॉल्व बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, पण तो मिटलेला असताना तुमच्याच इमारतीचं पाणी बाहेरही जाऊ शकत नाही. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला की ते तुमच्याच जाळीतून वर येणार आणि दोष मात्र शेजारच्या वस्तीला. म्हणून एकतर तो फक्त तळमजल्याच्या वेगळ्या लाइनवर बसवा, नाहीतर जोराच्या पावसात वरच्यांनी पाणी सोडायचं नाही असं ठरवा (ठरवून दाखवा!). झडपेत केस, चिंधी अडकली की ती अर्धी उघडी राहते. दर तीन महिन्यांनी झाकण काढून पुसायची. जिथे हात पोचत नाही अशा ठिकाणी व्हॉल्व बसवलेला असेल तर तो नसल्यातच जमा.

— सातवा मजला

पाणी पुरे आता. स्पीकरचं बोला कुणीतरी. 'तोंड फिरवलंय' सांगतात आणि आमच्याकडच्या काचा तशाच थडथडतात.

— पश्चिमेची खिडकी

तोंड फिरवल्याने वरचा चिरका आवाज कमी होतो, बास नाही. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे ७ मीटर, ती २ मीटरच्या कुंपणभिंतीला दादच देत नाही. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात. १० उतरले की कानाला निम्मं वाटतं. म्हणजे हद्दीपासून १० मीटरवरचा बासचा खोका ४० मीटरवर नेला तर १२ गेले. कार्यक्रम तोच, त्रास निम्म्याहून कमी. खोका भिंतीला टेकवून ठेवू नये, बास आणखी फुगतो. दोन राक्षसी खोक्यांऐवजी लोकांच्या जवळ सहा छोटे, खाली झुकवलेले. ऐकणाऱ्याला पुरतं आणि हद्दीपलीकडे कमी जातं.

फोनवरच्या ॲपचा आकडा घेऊन भांडायला जाऊ नका. फोनचा माइक बास नीट पकडत नाही. दोन्हीकडच्यांनी एकाच फोनने, त्याच जागी, कार्यक्रमाआधी आणि चालू असताना मोजा. आकडा नाही, फरक बघायचा.

— सुतळीचा ढोल

काचा थडथडतात त्याला तात्पुरता उपाय, चौकटीच्या खाचेत पुठ्ठ्याची घडी. आवाज तोच राहतो, काच गप्प बसते. 😄

— पागोळी

मी आले परत. कोपऱ्यावरच्या कचऱ्याचं लिहिते. वर झाडं जास्त म्हणून पाला जास्त, तो पेटवतात आणि धूर खाली. खाली घरं जास्त म्हणून ओला कचरा जास्त, तो हद्दीच्या कोपऱ्यात आणि वास वर. दोघांकडे एकमेकांचं औषध पडलेलं असतं! खताला कार्बन-नायट्रोजन २५ ते ३० ला १ लागतो, मोजमापाच्या भाषेत एक बादली ओला तर दोन-तीन बादल्या सुका पाला. ढीग निदान मीटरभर लांब-रुंद-उंच, नाहीतर आत ऊब धरत नाही. आत ५५ ते ६५ अंश झाले की बरोबर चाललंय. मूठभर घेऊन पिळा, एखाददुसरा थेंब यावा. धार आली तर पाला घाला. नाकात झोंबणारा वास म्हणजे ओला जास्त, सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा कोंडली, उलटापालट करा. आठवड्यातून एकदा फिरवा. उन्हाळ्यात माशीचं अंडं ते माशी हे सात ते दहा दिवसांत होतं, त्यामुळे दहा दिवस हात न लावलेला ढीग म्हणजे माशांची नर्सरी.

बिघडतं कुठे? पाला एकदम येतो, पानगळीत. ओला कचरा रोज. पाला गोणीत भरून कोरडा ठेवायची जागा आधी ठरली नाही तर दोन महिन्यांत नुसता ओला ढीग उरतो आणि पुन्हा 'तुमचा वास'.

— दोरीवरचे कपडे

कोपऱ्यात कुंड्या मांडून कचरा थांबत नाही हे पण लिहा. कुंडीत टाकतात.

— पश्चिमेची खिडकी

आधारभिंत. वरची जमीन उंच, खालच्या बाजूला भिंत, तिला वीपहोल, म्हणजे मागचं पाणी निचरायची भोकं. त्यातून पाणी ठिबकतं, खालच्यांची वाट ओली होते, म्हणून खालचे सिमेंटने बुजवतात. भिंतीमागे पाणी भरलं की २ मीटर उंचीच्या भिंतीवर दर मीटर लांबीला २ टनांचा जोर, मातीचा निराळा. उंची दुप्पट तर जोर चौपट. भिंत पोट काढते. ओळंबा सोडून वर, मध्ये, खाली तीन मापं घ्या, मधलं माप कमी आलं तर पोट आलंय. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची रेघ आणि तारीख. महिन्याने भेग रेघेपुढे गेली असेल तर इंजिनिअर बोलवा, गिलावा करू नका. नवी वीपहोल ७५ ते १०० मिमी पाइपाची, दीड मीटरवर, बाहेर उतरती, मागे खडी. नुसती माती असेल तर वर्षात बुजतात. ठिबकणाऱ्या पाण्याला खाली पन्हळ करा. हा खर्च वरच्यांनी उचलावा असं माझं मत, पाणी त्यांच्या जमिनीतलं आहे.

— ओळंबा

तुमचं मत वरच्यांना विचारून लिहिलंय का ओळंबाकाका?

— सातवा मजला

भिंत पडली तर खालच्यांवर पडते, हे विचारायची गरज नाही.

— ओळंबा

गतिरोधक! गवंडी सांगाल तसा करून देतो, हातभर रुंद आणि वीतभर उंच. रिकामा टेम्पो त्यावर आपटतो तो आवाज दोन्ही वस्त्यांना. बरोबर माप ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंमी. आणि दोन्ही कडांना १५-२० सेंमी फट हवी, नाहीतर तो बांधच होतो आणि वरचं पाणी तिथे साचतं (घ्या, पुन्हा पाणी). रस्ता साखळीने बंद करणाऱ्यांनी बंबाचा विचार करावा. ४ मीटर रुंद आणि साडेचार मीटर उंच मोकळं हवं, लोंबत्या केबलीसकट मोजा. किल्ली एकाच घरात नको.

— चाकाखाली

कुत्र्यांचं कुणी बोलत नाही. रात्री उचलून शेजारच्या वस्तीत सोडतात.

— खिडकीतली मांजर

कुत्री उचलून नेली की रिकाम्या झालेल्या जागेत नवी येतात, तीही बिननसबंदीची. तीच ठेवून नसबंदी आणि लस केली तर संख्या हळूहळू उतरते. खायला घालायची जागा हद्दीवर नको, दोन टोळ्या भिडतात. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं घड्याळ लावून धुवा आणि लगेच लस. हळद, चुना काही नको.

— खबरदार

हद्दीवरच्या झाडाची आपल्याकडची तेवढी फांदी तोडतात ना, एकदम वरून एकच घाव. साल खोडापर्यंत सोलून निघते. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून. फांदी पडली की उरलेला खुंट कापायचा, फांदी खोडाला मिळते तिथे जी सूज असते तिच्या बाहेरून. एकाच बाजूने छाटत राहिलात तर झाड दुसऱ्या बाजूला झुकतं, तीही शेजाऱ्यांकडे.

— पागोळी

लेव्हल पाइपेत रंगीत पाणी चालेल का? साधं दिसत नाही, चष्मा लागतो.

— तळमजला

चालेल. पण बादलीतच नीट ढवळून मग भरा, साबण वगैरे नको, फेस राहतो. आणि तो हिरवा नको, तो चेंबरसाठी ठेवा.

— ओळंबा