मदत हवी आहे: लाकडी टाक शाई धरत नाही

नवशिक्या_कोरीव: जरा लवकर सांगा. लाकडाचा टाक कोरलाय, तीन संध्याकाळ गेल्या. हातात छान बसतो, पण बुडवला की पहिल्या अक्षरावर भसकन डाग आणि दुसरं अक्षर कोरडं. चीर पाडली, पॉलिश पेपर मारला. परवा आजोबांच्या पंच्याहत्तरीला द्यायचाय.

दौतवाला: निब नवी आहे का? नव्या निबेवर तेलकट लेप असतो, त्यावर शाईचे थेंब होतात. कापसाला स्पिरिट लावून पुसा. झालं काम.

नवशिक्या_कोरीव: काका, निब नाहीये. टोकही लाकडाचंच आहे.

दौतवाला: मग तो बोरू झाला, टोक तासून केलेली लेखणी. टाक म्हणजे निबेचाच.

सुताराची_लेक: नाव काही का असेना. लाकूड कुठलं? शाई कुठली?

नवशिक्या_कोरीव: खोक्याचं पांढरं लाकूड, कोरायला सोपं. शाई फाउंटन पेनची निळी. आत्ता बघितलं तर शाई टोकापासून दोन सेंटीमीटर वर चढलीये, रेषारेषांतून.

सुताराची_लेक: तिथेच चुकतंय. मऊ लाकूड वातीसारखी शाई ओढतं, टोक फुगतं आणि चीर मिटते. पॉलिश पेपरने हे जाणार नाही. दांडी तीच ठेव, पुढून भोक पाडून वाळलेल्या बांबूचं टोक बसव. सालीकडचा कडक भाग ठेवायचा, आतला मऊ खरवडून काढायचा. चिरेच्या वरच्या टोकाला आधी दीड मिलिमीटरचं भोक पाड, म्हणजे चीर पुढे फाटत नाही आणि थोडी शाईही तिथे थांबते. टोकाचा शेवटचा काप काचेवर ठेवून, एका दाबात.

मोडीप्रेमी: एवढा खटाटोप कशाला? अख्खा बोरूच करा. आपली मोडी बोरूनेच लिहिली, हात न उचलता! आणि देवनागरीसाठी काप रोमनच्या उलट तिरका हवा, नाहीतर जाड-बारीक चुकीच्या जागी येतं.

दौतवाला: बोरू दर दोन शब्दांना बुडवावा लागतो. पंच्याहत्तरीच्या माणसाला निबेचाच टाक द्या.

मोडीप्रेमी: दोन शब्दांना? नीट तासलेला नसेल तुमचा.



सुताराची_लेक: शाईही पातळ आहे. बाभळीचा डिंक भिजवून गाळून दोन-चार थेंब घाल. ती शाई परत फाउंटन पेनात मात्र भरू नकोस, आत चिकटून बसेल.

नवशिक्या_कोरीव: कुंडीतल्या वेलाच्या आधाराचा बांबू कापला. डिंकही घातला. ‘श्री गणेशाय’ एका बुडवणीत आलं!! काप अजून सरळच आहे. आजोबा डावखुरे आहेत, तिरका देऊ का?

मोडीप्रेमी: अहो, हे आधी सांगायचं ना! सरळच राहू द्या. हात ओळीच्या खालून धरतात की वरून वळवून?