विकेटकीपर पोराला बेसबॉलचा कॅचर करायचंय : सराव कसा घ्यावा, आणि पुढे व्यावसायिक वाट आहे का?

पीटी_सर_दारव्हा

नमस्कार. अकरावीतला एक मुलगा आहे. वय १६, उंची ५ फूट ९ इंच, वजन ६१ किलो, फेक उजव्या हाताची. गावात टेनिस बॉल क्रिकेटमध्ये कीपिंग करायचा, म्हणून शाळेच्या बेसबॉल संघात त्याला होम प्लेटमागे (बॅटर उभा राहतो त्या जागेमागे) कॅचर म्हणून बसवलं. जिल्हास्तरीय स्पर्धेत तीन गोष्टी दिसल्या. दुसरा बेस चोरणारा (पिचरने चेंडू टाकताना पहिल्या बेसवरून पळत सुटणारा) एकही रनर त्याच्याकडून बाद झाला नाही. टप्पा पडून आलेला चेंडू बरेचदा मागे गेला. आणि एका फाउल टिपने, म्हणजे बॅटला निसटता लागून मागे आलेल्या चेंडूने, उजव्या अंगठ्याला लागलं (एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे). मोबाइलवर पॉप टाइम (चेंडू कॅचरकडे आल्यापासून त्याची फेक दुसऱ्या बेसवर पोहोचेपर्यंतचा वेळ) २.४५ ते २.५ सेकंद येतो.

मैदान काळ्या मातीचं. साहित्यात एक जुनं मिट (कॅचरचा जाड ग्लव्ह), क्रिकेटचं हेल्मेट आणि कीपिंगचे पॅड. घरची शेती कोरडवाहू आहे, तेव्हा आधी काय घ्यावं आणि काय नंतर घेतलं तरी चालेल ते सांगा. मुलाच्या डोक्यात अमेरिकेतलं बेसबॉल भरलंय. त्याला खोटी आशा दाखवायची नाही, उगाच नाउमेदही करायचं नाही.

सेकंड_बेस_पाहिजे

सर, आधी मोजमाप तपासा. दोन बेसमधलं अंतर २७.४३ मीटर, आणि होम प्लेटच्या मागच्या टोकापासून दुसऱ्या बेसपर्यंत तिरपं अंतर ३८.७९ मीटर. शाळेच्या मैदानावर फक्की मारताना बाजू बरोबर येतात, पण काटकोन चुकतो आणि कर्ण एक-दीड मीटर कमी-जास्त होतो. सुतळीने कर्ण मोजल्याशिवाय पॉप टाइमच्या आकड्याला अर्थ नाही. मोजताना मोबाइल स्लो मोशनमध्ये २४० फ्रेमवर ठेवा. चेंडू मिटला लागला ती फ्रेम आणि दुसऱ्या बेसवरच्या ग्लव्हला लागला ती फ्रेम, मधल्या फ्रेमला २४० ने भागा. स्टॉपवॉचवर बोटाचीच चूक दशांश सेकंदाची असते.

त्यात तिसरी फ्रेमही नोंदवा : चेंडू हातातून सुटला ती. २.४५ चे दोन भाग करा. समजा हस्तांतराला (चेंडू मिटला लागल्यापासून हातातून सुटेपर्यंत) ०.९५ आणि चेंडूच्या प्रवासाला १.५ लागले. प्रवासातला ०.१ सेकंद कमी करायचा तर चेंडूचा सरासरी वेग ताशी जवळपास ७ किलोमीटरने वाढवावा लागतो. त्याला एक-दोन वर्षं जातात. हस्तांतरातले ०.१५ मात्र दोन-तीन महिन्यांत निघतात, कारण ते पायात अडकलेले असतात. मेजर लीगचा (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचा) सरासरी पॉप टाइम २.० च्या आसपास आहे, आणि त्यात हस्तांतराला साधारण ०.७ लागतो.

वेळ कुठे जातो, तर कीपिंगच्या सवयीत. कीपर दोन ग्लव्ह घालतो आणि चेंडूबरोबर हात मागे घेतो. क्रिकेटमध्ये ते बरोबरच आहे. कॅचरने तसं केलं की मिट मांडीपर्यंत मागे जातं आणि तिथून चेंडू कानापर्यंत आणायला वेळ जातो. चेंडू छातीसमोर घ्यायचा, मिट उजव्या कानाकडे वळवायचं आणि उजवा हात छातीसमोरच त्याला भेटायला हवा. त्याच वेळी उजवं पाऊल छोटंसं पुढे, घोटा दुसऱ्या बेसला आडवा, मग डावं पाऊल सरळ दुसऱ्या बेसच्या रेषेत. डावा पाय तिसऱ्या बेसकडे पडला की खांदा उघडतो आणि फेक रेषेत राहत नाही.

पकड चार शिवणींची : नालेच्या आकाराच्या शिवणीवर दोन बोटं आडवी. बोटांना ती न पाहता सापडली पाहिजे. रोज पन्नास वेळा नुसतं मिटमध्ये चेंडू टाकून पकड काढायची, फेकायचं नाही. घरी ओसरीवर बसूनही होतं.

आणि रनर सुटला की सगळा दोष कॅचरवर टाकू नका. पिचरच्या पहिल्या हालचालीपासून चेंडू मिटमध्ये येईपर्यंत १.४ सेकंद आणि पुढे २.० मिळून ३.४ होतात. चांगला रनर तेवढ्यात पोहोचतो. शाळेतला पिचर पाय उंच उचलून १.७ लावत असेल, तर कॅचरने कितीही मरमर केली तरी उपयोग नाही. दोघांची वेळ एकत्र लिहा.

मास्क_आधी

अंगठ्याचं आधी बघा. ती दुखापतही कीपिंगच्या सवयीतूनच आली असणार, कारण दोन्ही हातांनी झेलायची सवय लागली की उजवा हात आपोआप मिटच्या शेजारी येतो. बेस रिकामे असतील तर उजवा हात उजव्या घोट्यामागे. रनर असेल तर हात मिटच्या मागे, पण अंगठा आत घेऊन सैल मूठ. उघडी बोटं चेंडूकडे तोंड करून कधीच नकोत.

साहित्यात पहिला खर्च बेसबॉलच्या मास्कवर करा, आणि त्याला खाली गळ्याचं संरक्षण लटकतं ठेवा. क्रिकेटच्या हेल्मेटच्या जाळीतून बेसबॉल आत येत नाही हे खरं, पण गळा उघडा राहतो, आणि फाउल टिप बॅटला लागून नेमकी खालून उसळते. शिवाय उंच उडालेला झेल शोधताना मास्क एका झटक्यात काढता आला पाहिजे. दुसरा खर्च जांघेच्या गार्डचा, तो मुलाकडे असेलच. तिसरा छातीचा. कीपिंगचे पॅड काही महिने चालतील, पण त्यात पावलाचा वरचा भाग आणि मांडीचं खालचं टोक झाकत नाही. म्हणून हार्ड बॉलवर ब्लॉकिंगचा (टप्प्याचा चेंडू अंगाने अडवण्याचा) सराव लेग गार्ड येईपर्यंत करू नका, टेनिस बॉलवर करा. मेरठ-जालंधरचे संच शालेय पातळीला पुरतात, फक्त मास्कची वेल्डिंग हाताने दाबून बघा.

ब्लॉकिंगमध्ये एक वाक्य त्याच्या मनावर ठसवा : टप्पा पडणारा चेंडू झेलायचा नसतो, जागीच मारून थांबवायचा असतो. मिट आधी जमिनीवर, दोन मांड्यांच्या मधल्या भोकात. मग गुडघे त्याच्यामागे. हनुवटी छातीला, खांदे पुढे गोल, म्हणजे छाती उतरत्या पत्र्यासारखी होते आणि चेंडू समोर पडून मरतो. छाती ताठ ठेवली तर तो दहा फूट लांब उडतो आणि रनरला तेवढं पुरतं. बाजूचा चेंडू असेल तर त्या बाजूचा गुडघा आधी सरकवायचा आणि खांदा आतल्या बाजूला वळवायचा, म्हणजे उसळी प्लेटकडेच येते. बहुतेक मुलं डोळे मिटून मान फिरवतात. मान फिरली की गळ्याची बाजू उघडी पडते, म्हणून मान सरळ ठेवणंच जास्त सुरक्षित.

काळ्या मातीचं काय करायचं? उन्हाळ्यात भेगा पडतात आणि टप्पा कसाही उठतो. पूर्ण मैदान जमणार नाही, पण होम प्लेटभोवतीचा गोल (नियमात त्याची त्रिज्या १३ फूट) चार-सहा इंच खोदून चाळलेला मुरूम भरा, पाणी मारा, रोलर फिरवा. खडे वेचा. तेवढं झालं तरी मुलाचा टप्प्यावर विश्वास बसतो आणि डोळे मिटणं आपोआप कमी होतं.

बसण्याचं अंतरही पाहून घ्या. हात लांब केला की मिट बॅटरच्या मागच्या गुडघ्याच्या थोडं मागे यावं. नवीन कॅचर भीतीने मागे सरकतो, मग खालचे चेंडू त्याच्यासमोर टप्पा खातात. फार पुढे गेला आणि बॅट मिटला लागली, तर बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो.

वऱ्हाडी_मिट

सर, मिटचं सांगतो. जुनं हाये तं फेकू नका, कॅचरचं जुनं मिटच चांगलं राह्यते. फक्त वाद्या पाहा. वादी ढिली झाली का खिसा पसरते अन् चेंडू तळव्यावर आपटते, मंग तळवा सुजते. वाद्या चप्पल शिवणाऱ्याकडून बदलून भेटते, पण चामड्याचीच टाका, नायलॉन कापते. मिट उन्हात वाळवू नका. आपल्याइकडच्या मे महिन्यात एका दुपारात चामडं कडक होते अन् घडीवर चिरते. पावसायात उलटं, बुरशी येते. कोरड्या कापडानं पुसून, खिशात चेंडू ठेवून, सुती कापडात गुंडाळून हवेशीर जागी ठेवा. तेल लय लावू नका, मिट जड होते अन् हात उशिरा फिरते.

पिटाळ_ते_प्लेट

पुढच्या वाटेबद्दल लिहितो, आकड्यांसकट, म्हणजे मुलाला सरळ दाखवता येईल.

अमेरिकेतला ड्राफ्ट (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायची पद्धत) अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिको इथल्या खेळाडूंसाठी असतो. बाहेरच्या मुलाला संघ थेट करारबद्ध करतो, वयाच्या १६ व्या वर्षापासून. मग रुकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या. २०२३ च्या करारानुसार त्या वर्षी रुकीला वर्षाला किमान १९,८०० डॉलर आणि ट्रिपल-एला ३५,८०० डॉलर होते. मेजर लीगमध्ये किमान पगार २०२६ मध्ये ७,८०,००० डॉलर आहे. ट्रिपल-ए आणि मेजर यांच्यात केवढी दरी आहे बघा. बहुतेकांची कारकीर्द या दरीच्या अलीकडेच संपते. वर पोहोचलेल्यालाही पगारावर लवादात भांडायचा हक्क साधारण तीन वर्षांनी आणि मनाप्रमाणे संघ निवडायचा हक्क सहा वर्षांच्या सेवेनंतर मिळतो.

२००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग संघाने रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोन भालाफेकपटूंना घेतलं, ते पिचर म्हणून. रिंकू सिंगल-एपर्यंत पोहोचला, मेजर लीगपर्यंत दोघंही नाही. पिचरच का शोधले, हे मुलाला समजावून सांगा. फेकीचा वेग रडारवर एका दुपारी मोजता येतो. कॅचर एका दुपारी मोजता येत नाही. त्याला प्रत्येक पिचरचा कोणता चेंडू आज वळतोय, समोरचा बॅटर मागच्या वेळी कशावर फसला, रनर कुठे आहे, हे धरून पुढचा चेंडू ठरवायचा असतो, आणि घाबरलेल्या पिचरशी त्याच्या भाषेत बोलायचं असतं. अमेरिकेतल्या कॅचरला इंग्रजी लागतेच, आणि लॅटिन अमेरिकेतले पिचर इतके आहेत की स्पॅनिशही कामाची ठरते. म्हणून माझं स्पष्ट मत : हा मुलगा फेकीइतकाच वेळ बोलण्याच्या इंग्रजीवर घालणार नसेल, तर ही वाट त्याच्यासाठी नाही.

काम बदलतंय तेही माहीत असू द्या. बोटांच्या खुणांची जागा २०२२ पासून पिचकॉम नावाच्या बटणांच्या यंत्राने घेतली. २०२३ पासून पिचला घड्याळ लागलं, बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले आणि रनरला अडवायला पिचरला रबरवरून (तो उभा राहतो त्या पट्टीवरून) उतरण्याची मुभा दोनदाच राहिली. बेस चोरणं वाढलं, म्हणून कॅचरच्या फेकीला पुन्हा भाव आला. काठावरचा चेंडू स्थिर मिटने स्ट्राइक म्हणून सादर करण्याचं कौशल्य गेली पंधरा वर्षं सोन्याच्या भावाचं होतं. २०२६ पासून बॅटर, पिचर किंवा कॅचर पंचाच्या निर्णयाला आव्हान देऊ शकतो, संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं. म्हणजे आता कॅचरला स्ट्राइक झोन इंचाइंचाने पाठ हवा. होम प्लेटची रुंदी १७ इंच.

शरीराची किंमत मोठी आहे. हंगाम १६२ सामन्यांचा, आणि एका सामन्यात कॅचर सुमारे १५० चेंडू घेतो. इव्हान रॉड्रिगेझ २,४२७ सामने प्लेटमागे बसला, तो विक्रम आहे. दुसरीकडे जो माउअर तीन वेळा फलंदाजीच्या सरासरीत अव्वल आला, पण २०१३ मध्ये मास्कवर बसलेल्या फाउल टिपने मेंदूला मार लागला आणि पुढच्या वर्षी त्याला पहिल्या बेसवर जावं लागलं. बस्टर पोझी २०११ मध्ये प्लेटवरच्या धडकेत जबर जखमी झाला. २०१४ पासून अशा धडकांवर नियम आला. पोझी ३४ व्या वर्षी थांबला. मात्र खेळ थांबल्यावर या जागेइतकी शिदोरी दुसरी कोणतीच जागा देत नाही. योगी बेरा, जो टोरी, ब्रूस बोची हे सगळे कॅचर पुढे व्यवस्थापक झाले, बोचीने तर चार वेळा वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची अंतिम मालिका) जिंकली.

इथली वाट अशी : शालेय १९ वर्षांखालील गट, मग राज्य, राष्ट्रीय शालेय, मग आंतरविद्यापीठ. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षणाची पदवी करता येते. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी कोणत्या स्तराचं प्रमाणपत्र धरतात ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आत्ताच लेखी विचारून घ्या, स्पर्धा झाल्यावर नको. परदेशी संघांना पाठवायचा व्हिडिओ तयार ठेवा : बाजूने आणि मागून घेतलेल्या न तोडलेल्या दहा फेकी, वीस ब्लॉक, तीस चेंडू झेलताना. निवडक चांगले तुकडे जोडलेले बघून कुणी ठरवत नाही.

पीटी_सर_दारव्हा

आभारी आहे. सुतळीने कर्ण मोजला, ३७.६ निघाला. म्हणजे खरा पॉप टाइम अजून जास्त. फ्रेम मोजतो. एकच राहिलं : गुडघे. रोज किती वेळ बसवावं? आणि संघात सर्वात जोराची फेक याचीच असल्यामुळे दोन डाव पिचिंगही करून घेतो, ते चालेल का?

मास्क_आधी

बसण्यात आपल्या पोरांना लाभच आहे. शेतात निंदायला, जेवायला उकिडवं बसायची सवय असते, त्यामुळे घोटे आणि खुबे मोकळे असतात. टाच न उचलता दोन मिनिटं बसता येतं का ते बघा, येत असेल तर मुद्दाम बसवायची गरज नाही. बेस रिकामे असताना एक गुडघा जमिनीवर टेकवून झेलायला शिकवा. आता वरच्या पातळीवरही बरेच कॅचर तसेच बसतात, आणि खालचा चेंडू त्याने सोपा होतो. पूर्ण बैठकीतला सराव दिवसाला ६०-७० चेंडूंवर नेऊ नका. उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला सुरू, साडेसातला बंद. छातीच्या गार्डमध्ये घाम निघत नाही, दर वीस मिनिटांनी गार्ड काढून मीठ-साखरेचं पाणी द्या.

पिचिंग मात्र थांबवा. पिचरनंतर फेकीची सर्वात जास्त संख्या कॅचरचीच असते, कारण प्रत्येक चेंडू तो परत फेकतो. अमेरिकेत मुलांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांतही एकाच सामन्यात पिचर आणि कॅचर दोन्ही करू नये असं सांगितलं आहे. सोळाव्या वर्षी कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध यानेच जातो. दुसऱ्या बेसवर पूर्ण ताकदीच्या फेकी आठवड्यात तीन दिवस, दिवसाला पंधरा, आणि कोपराच्या आत दुखतं असं म्हणाला तर त्या दिवशी एकही नाही.