आजी-आजोबांच्या जवळ, पण परक्या उपनगरात : तुमचे अनुभव सांगा

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा भाड्याचं घर आम्ही गिरगावात शोधलंच नाही. सासूसासरे कितीतरी वर्षांपासून डोंबिवली पूर्वेला राहतात. मुलगा दुसरीत, मुलगी बालवाडीत. त्यांच्या इमारतीपासून दोन गल्ल्या सोडून घर घेतलं. शाळा सुटली की मुलं आजीकडे, आजोबा पाढे म्हणून घेतात, मी पोचेपर्यंत दोघांचं खाणंपिणं आटोपलेलं असतं. निर्णय योग्यच होता.

अवघड गेलं ते माझं. गिरगावातून मी बसने ऑफिसला जायचे. इथे पहिल्याच आठवड्यात कळलं की कर्जत-कसाऱ्याहून भरून आलेल्या गाडीत सकाळी डोंबिवलीला पाय ठेवायलाही जागा नसते. इथूनच सुटणारी लोकल धरायची आणि तिच्यासाठीही लवकर जाऊन उभं राहायचं. बायकांच्या डब्यात कुणी कुठे बसायचं हे वर्षानुवर्षं ठरलेलं, त्यात नवीन माणूस दाराशीच. त्याहून एकटं वाटतं ते वेगळ्याच कारणाने. वाणी, पोळीभाजीवाल्या काकू, नाक्यावरचे रिक्षावाले, सगळे सासऱ्यांना ओळखतात. त्यांची सून म्हणून अडलेलं कामही लगेच होतं. पण मला म्हणून ओळखणारं इथे कुणी नाही.

ज्यांनी मुलांसाठी किंवा म्हाताऱ्या माणसांसाठी असं जवळ घर केलं, त्यांना विचारायचं आहे: ते गाव तुमचं कधी झालं? झालं का? सविस्तर सांगा, न जमलेलंही सांगा.

वसई पश्चिम

माझ्याकडे सासर नव्हे, आजोळ. मी नाशिकला वाढले. आजोबा गेले आणि आजी वाडीत एकटी राहिली, म्हणून आम्ही पुणं सोडून पापडीच्या बाजूला फ्लॅट घेतला. आजी फ्लॅटमध्ये राहायला येणार नाही हे आधीपासून माहीत होतं, तसं कुणी सुचवलंही नाही.

माझ्या ओळखीची वसई मे महिन्यातली. सुकेळी, चाफ्याची फुलं, किल्ल्यातली संध्याकाळ. पावसाळ्यात मी इथे कधी राहिलेच नव्हते. 2018 च्या जुलैत तो पावसाळा पाहिला. रुळांवर पाणी, लोकल बंद, नवरा मुंबईत अडकलेला. वीज गेल्यामुळे इमारतीचा पंप बंद, म्हणजे खाली सगळीकडे पाणी आणि नळाला थेंब नाही. आजीकडे विहीर आणि चूल दोन्ही होती, आणि तिचं जोतं उंच. शेजारच्या मुलाने लेकाला खांद्यावर घेतलं आणि आम्ही वाडीवर गेलो.

तिथे आजीने मला बावखल दाखवलं. लहानपणी मी त्याला नुसतं तळं समजायचे. प्रत्येक वाडीला असं बावखल असायचं, पावसाचं पाणी त्यात जिरायचं आणि त्याच पाण्यावर उन्हाळ्यात केळी आणि भाजी निघायची. किती बावखलं बुजली आणि त्यांच्यावर कोणत्या इमारती उभ्या राहिल्या, हे तिने बोट दाखवून सांगितलं. आमची इमारतही त्यांत होती. मी गप्प झाले.

पुढे बावखलं वाचवण्यासाठी गावातली मंडळी जमतात त्या बैठकांना जायला लागले. पहिल्यांदा आजीला सोबत म्हणून, नंतर माझी मी. तिथे आम्ही भांडलोही आहोत, अर्जही लिहिलेत. वसईतल्या माझ्या सगळ्या ओळखी तिथल्या. आजीच्या ओळखीने दार उघडतं हे खरं, पण आत गेल्यावर आपलं काहीतरी काम हवं, असं मला वाटतं.

निगडी प्राधिकरण

मी आजोबा आहे, तेव्हा पलीकडची बाजू सांगतो. कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी साताऱ्याहून इथे आलो. तेव्हा दिवेलागणीनंतर या रस्त्यांवर माणूस दिसत नसे. आम्हालाही हे गाव परकंच होतं, ही गोष्ट आमची मुलं विसरतात आणि आम्हीही विसरतो.

मुलगा आणि सूनबाई बंगळुरूहून येऊन रावेतला राहिले. सूनबाई हुबळीच्या, काम घरून करतात. त्यांना दोन गोष्टी फार जड गेल्या. एक म्हणजे दिवसाआड येणारं पाणी, जे महापालिकेने 2019 च्या नोव्हेंबरात सुरू केलं. दुसरी गुरुवारची वीज. गुरुवार हा इथल्या कारखान्यांच्या सुट्टीचा दिवस, त्यामुळे दुरुस्तीची कामं त्याच दिवशी काढतात. इथे आयुष्य गेलेल्या माणसाला हे सांगण्यासारखं वाटतच नाही, आणि नव्या माणसाची मात्र ऐन मीटिंगमध्ये वीज जाते. आता गुरुवारी त्या लॅपटॉप घेऊन आमच्याकडे येतात. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. दुपारी सासू-सुना एकत्र जेवतात. एरवी इतकं निवांत बोलणं कुठलं व्हायला!

नातीला मी दुर्गा टेकडी दाखवली. पालखीचं मात्र सूनबाईंनी स्वतः मनावर घेतलं. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते. त्यांच्या सोसायटीतल्या बायका वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू वाटतात, त्यांत त्या गेल्या आणि आता दरवर्षीचा हिशेब त्यांच्याकडेच असतो.

तरुण मंडळींना एक विनंती करतो. मुलं आमच्याकडे सोडायची असतील तर आदल्या दिवशी विचारत जा. आम्ही नाही म्हणणार नाही. पण डॉक्टरची वेळ, भिशी, भजन असं आमचंही काही ठरलेलं असतं.

बदलापूर, आता ठाणे

आमचं जमलं नाही. आईबाबा बदलापूरला, आमचं ऑफिस अंधेरीला. दादरला गाडी बदलून दोन तासांहून जास्त, तेही सगळं वेळेवर असलं तर. घरी पोचायचो तेव्हा मुलं झोपलेली असायची. ज्यांच्यासाठी आलो ती आजी-आजोबांना धरून होती, आणि आम्ही दोघं त्यांच्या आयुष्यातून जवळजवळ बाहेर.

2019 च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी चढलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली. त्या रात्री मी दादरला मित्राकडे होतो, बायकोही मुंबईतच. घरी दोन मुलं आणि सत्तरीतले दोघं. फोन लागत होता एवढंच. बाबांनी पाण्याची बादली, औषधं, मेणबत्त्या सगळं नीट केलं होतं, पण त्यांच्या आवाजातली भीती मी ओळखली. मुलांना सांभाळायला माणूस आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो, आणि त्या माणसांना सांभाळायला कुणी नव्हतं.

आम्ही ठाण्यात आलो. पाळणाघराचा खर्च सोसतो. रविवारी सगळे बदलापूरला, जांभळांच्या दिवसांत तर मुलं शनिवारीच निघतात. आई म्हणाली, "आता मी परत आजी झाले. मध्ये नुसती सांभाळणारी होते." जवळ राहायला जाण्याआधी आजीला हे विचारलं जावं, म्हणून लिहिलं.

पर्वरी, गोवा

आमचं थोडक्यात. कोल्हापूरहून सासूबाईंजवळ आलो. घरात मराठी पेपर, बाहेर कोंकणी. मुलीला कोंकणी शिकवली ती पोदेराने, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याने. पहाटे सायकलचा भोंगा वाजला की आजी तिला पिशवी देऊन फाटकावर पाठवायची, उंडे किती, पोळे किती, सगळं तिनेच बोलायचं. मी मागे उभी राहून ऐकत ऐकत शिकले. महामार्गावरच्या उड्डाणपुलाच्या कामाची धूळ सोडली तर आता तक्रार नाही.

डोंबिवली पूर्व

गिरगावच्या ताईंसाठी. मी सुद्धा सून म्हणूनच आले, परळहून. दोन गोष्टी करून पाहा. फ्रेंड्स लायब्ररीचं सभासदत्व तुमच्या स्वतःच्या नावाने घ्या, घरातल्यांच्या नको. पुस्तकं बदलायला जाल तेव्हा बोलणारी माणसं भेटतात. दुसरं, गुढीपाडव्याची स्वागतयात्रा. गणेश मंदिर संस्थानने 1999 मध्ये ती इथे सुरू केली आणि मग महाराष्ट्रभर पसरली. रस्त्याच्या कडेला उभं राहून बघू नका. एखाद्या पथकात नाव द्या, लेझीम म्हणा, चित्ररथाची तयारी म्हणा. तयारी आधीच सुरू होते, आणि तिथे सासरे कोण हे कुणी विचारत नाही, उद्या येणार का एवढंच विचारतात.

डब्यातल्या जागेचंही होईल. तुमची गाडी कुठली ते कळवा, आमच्या ग्रुपमधल्या दोघीतिघी त्याच वेळेला निघतात.