अनुभव धागा : विद्यापीठालाच घर मानणारे इंजिनिअर

रेवा_होटगीरोड
आज 15 सप्टेंबर, अभियंता दिन. सकाळपासून फोनवर विश्वेश्वरय्यांचे फोटो येतायत आणि मला राहून राहून बाबा आठवतायत. बाबा विद्यापीठाच्या बांधकाम विभागात होते. 1 ऑगस्ट 2004 ला सोलापूरचं विद्यापीठ झालं, एकाच जिल्ह्याचं. तोवर आपण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात मोडायचो. पुण्यातून दुप्पट पगाराचं बोलावणं आलं होतं, आईलाही जायचं होतं, पण बाबा हलले नाहीत. "इथं सगळं पहिल्यापासून उभं करायचंय, आता कसा जाऊ?" एवढंच म्हणाले.
मे महिन्यात स्लॅब ओतला की रविवारीसुद्धा केगावला, विद्यापीठाच्या आवारात. मला लुनावर मागे बसवून न्यायचे. नवं काँक्रीट ओलं राहावं म्हणून स्लॅबवर मातीचे बांध घालून आळी केलेली असायची, त्यात पाणी. बाबा प्रत्येक आळ्यात बोट बुडवून बघायचे, कुठं आटलं असेल तर स्वतः पाइप धरायचे. आपलं ऊन तुम्हाला माहीतच आहे, दुपारपर्यंत तळ दिसायचा. बाबा आता नाहीत. तुमच्या माहितीत असं कुणी असेल तर लिहा ना. विद्यापीठ, कॉलेज, कुठलंही चालेल.

सिद्धू_बाळीवेस
ताई, सायबांना मी ओळखतो. माझे वडील सेंट्रिंगचं काम करायचे. वाळू आली की साहेब मूठभर उचलून तळहातावर चोळायचे. हाताला माती राहिली की गाडी माघारी. ठेकेदार लई चिडायचा. सळई बांधून झाल्यावर स्वतः टेप लावून अंतर मोजल्याशिवाय काँक्रीट ओतू द्यायचे नाहीत आणि एमबी (कामाच्या मोजमापाची वही) पण लिहायचे नाहीत. "एकदा झाकलं की मग कुणाला दिसणारे?" म्हणायचे. वडिलांना मात्र नेहमी 'मिस्त्री' म्हणून हाक, नुसत्या नावानं कधीच नाही. घरी येऊन वडील ते कौतुकानं सांगायचे.

मंगल_पंढरपूर
मी एमएस्सीला होस्टेलला होते. लायब्ररीतून परतताना वाटेत अंधार असायचा. आम्ही अर्ज दिला. आमच्या वेळचे इंजिनिअर सर (हेच का ते माहीत नाही, उंच, चष्मा, पांढरा शर्ट) रात्री आठला रेक्टर मॅडमना घेऊन आले, आम्हाला म्हणाले, "चला, तुम्ही पुढं व्हा आणि जिथं भीती वाटते तिथं थांबा." आम्ही थांबलो तिथं तिथं त्यांनी खडूनं खूण केली. दिवे बरोब्बर त्याच जागी लागले. आता माझी मुलगी कॉलेजला जाते, तिला हे सांगताना अजून गळा दाटतो.

रेवा_होटगीरोड
मंगलताई, उंच, चष्मा... बाबाच असणार. घरी कधी बोलले नाहीत हे. आईला वाचून दाखवते.

दत्ता_सांगोला
2004 च्या आधी मार्कशीटमध्ये नावाची चूक झाली की कोल्हापूर! रात्रीची एसटी, पंढरपूर, सांगोला, मिरज करत पहाटे उतरायचं. आमचं बरं होतं, अर्ध्या वाटेवर बसायचो.

चादरवाली
दत्ताभाऊ, सांगोल्याची डाळिंबं आली का बाजारात? भाव काय चाललाय?

दत्ता_सांगोला
आल्यात. या घेऊन जावा.

निवृत्त_मास्तर_सातरस्ता
माझे थोरले बंधू एका कॉलेजात इंजिनिअर होते. 30 सप्टेंबर 1993, किल्लारीचा भूकंप. पहाटे चारच्या सुमाराला इथंही भांडी वाजली. आम्ही सगळे अंगणात आणि दादा सायकल काढून थेट कॉलेजवर. घरी पोरं रडतायत, वहिनी ओरडतायत, पण हा गेला. टॉर्च घेऊन एकेक कॉलम तपासला. जुन्या भिंतीला भेग दिसली, तिच्यावर काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरनं पक्की केली, शेजारी तारीख घातली. भेग सरकली तर काच तडकते. दादा रोज जाऊन ती काच बघायचा. काच शाबूत राहिल्यावरच त्या खोल्यांत वर्ग भरू दिले. वहिनी तेव्हा फार रागावल्या होत्या, आणि आज त्याच अभिमानानं सांगतात. मला दोन्ही पटतं.

अशोकचौक_सिव्हिल
मास्तर, नमस्कार तुमच्या बंधूंना 🙏 रेवाताईंनी विश्वेश्वरय्यांचं नाव काढलं म्हणून सांगतो. त्यांचं इंजिनिअरिंगचं शिक्षण आपल्या पुण्यातलं. खडकवासल्याला 1903 मध्ये त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले. आणि ते दिवाण असतानाच 1916 ला म्हैसूर विद्यापीठ उभं राहिलं. म्हणजे इंजिनिअर आणि विद्यापीठ हे नातं जुनंच आहे.
आपल्याकडं आणखी एक गोष्ट, काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया त्या थराखाली कठीण मुरमापर्यंत नेला नाही तर चांगली भिंतसुद्धा फाटते. खोदाईवर जास्त खर्च करणाऱ्या इंजिनिअरला लोक नावं ठेवतात, कारण तो पैसा वर दिसत नाही.

कुंभारीकर
विद्यापीठाचं नाव नीट घ्या ओ सगळे. 2019 पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ.

रेवा_होटगीरोड
हो दादा, बरोबर. बाबांना त्या नावाचा फार आनंद झाला होता. घाट आणि विहिरी बांधणारी बाई म्हणायचे.

चादरवाली
विषय निघालाच आहे तर, आमचा वरच्या मजल्याचा स्लॅब परवा ओतलाय. मिस्त्री म्हणतो तीन दिवस पाणी मारलं की बास. खरंय का? नळाला पाणी रोज नाही, टाकीतलं पुरवून वापरावं लागतं.

अशोकचौक_सिव्हिल
अजिबात ऐकू नका. साध्या सिमेंटला कमीत कमी 7 दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल तर 10, जमलं तर 14. गोणीवर बघा काय लिहिलंय.

सिद्धू_बाळीवेस
आणि वैनी, नुसतं मारू नका, आळी करा. पाणी टिकून राहतं. बांधाला माती नसेल तर सांगा, उद्या सकाळी रिक्षात टाकून आणतो.