मदत हवी आहे: रेझिस्टंट कल्चर अचानक सेन्सिटिव्ह झालंय

परळची_पेट्रीडिश:
पीएचडीचं पाचवं वर्ष. ज्या आयसोलेटवर (नमुन्यातून वेगळ्या काढलेल्या जिवाणूवर) अख्खा चॅप्टर उभा आहे त्यानेच दगा दिला. गेल्या वर्षी अँटिबायोटिकच्या डिस्कला खेटून वाढत होता, म्हणजे औषधाला दाद देत नव्हता; परवा डिस्कभोवती जिवाणू न वाढलेलं हे एवढं मोठं झोन! तीनदा केलं, तेच. सिनॉप्सिस पुढच्या महिन्यात, फेलोशिप संपलीय. कुणी पाहिलंय का असं? 'डिस्क बदल' सांगू नका, बदलली.

सायनकर:
जिवाणू कोणता, औषध कोणतं? की आम्ही पत्ते पिसून ओळखायचं?

परळची_पेट्रीडिश:
जिवाणू क्लेब्सिएला, औषध मेरोपेनेम. एनडीएमवाला, म्हणजे मेरोपेनेम तोडणारं एन्झाइम बनवणारा. लिहायचं राहिलं.

मुलुंड_फार्मा:
औषध खराब झालं असणार. मेरोपेनेम ओलं झालं की फार टिकत नाही. आमच्या क्यूसीत यापायी आठवडा फुकट गेला होता.

सायनकर:
मुलुंड, उलटं बोलताय. औषध मेलं तर जिवाणू वाढेल. इथे तो मरतोय.

मुलुंड_फार्मा:
बरं. पण कंट्रोल लावला का, ते तरी विचारा.

परळची_पेट्रीडिश:
लावला. २५९२२ (कंट्रोलचा ठरलेला ई. कोलाय) रेंजमध्ये आहे.

बोरिवली_बेंच:
मीडियाचा (जिवाणू वाढवायच्या खाद्याचा) नवा डबा उघडलास का? एनडीएम एन्झाइमला जस्त लागतं. म्युलर-हिंटन मीडियाच्या बॅचमध्ये जस्त कमी असलं तर एनडीएमवालाही सेन्सिटिव्ह दिसू शकतो. माझा पैसा जस्तावर.

परळची_पेट्रीडिश:
डबा नवाच आहे. पण एनडीएमचे दुसरे दोन आयसोलेट त्याच प्लेट्सवर व्यवस्थित रेझिस्टंट आहेत.

बोरिवली_बेंच:
अगं मग हे आधी सांगायचं ना! टाइप करून बोटं दुखली.

गोरेगावचा_गणू:
पाच दिवसांची ॲझिथ्रो दिली होती, तीन दिवसांत बरं वाटलं. उरलेल्या गोळ्या पुढच्या सर्दीला ठेवू का?

सायनकर:
नाही. सर्दी व्हायरसची असते, त्याला ॲझिथ्रो काही करत नाही. बाकी डॉक्टरांना विचारा, हा धागा सोडा.

निवृत्त_काका:
बाळ, वर्षभर कल्चर ठेवलंस कशावर?

परळची_पेट्रीडिश:
न्यूट्रिएंट अगारच्या स्लँटवर (नळीतल्या तिरप्या थरावर), काका. फ्रिजमध्ये. दर महिन्याला नवा स्लँट.

निवृत्त_काका:
त्यात मेरोपेनेम घालत होतीस?

परळची_पेट्रीडिश:
नाही. का?

निवृत्त_काका:
मग प्लास्मिड गेलं, म्हणजे मुख्य डीएनएहून वेगळं असलेलं डीएनएचं छोटं कडं. एनडीएमचं जनुक बहुतेक वेळा प्लास्मिडवर असतं. औषधाचा धाक नाही तर ते ओझं वाहायचं कशाला? एखाद्या पेशीने टाकलं की ती हलकी होऊन भराभर वाढते आणि दर सबकल्चरला तिचीच पिलावळ पुढे जाते. मी उमेदवारीत असाच स्ट्रेन घालवला होता, गाईडनी महिनाभर अबोला धरला. या विषयात शिकवलेलंही पुसावं लागतं. कोलिस्टिन या अँटिबायोटिकचा रेझिस्टन्स प्लास्मिडवरून फिरत नाही असं मी वर्गात छातीठोक सांगायचो. २०१५ साली चीनमधून एमसीआर-१ या प्लास्मिडवरच्या कोलिस्टिन-रेझिस्टन्स जनुकाचा पेपर आला आणि पुढच्या बॅचसमोर कान पकडले.

ठाणे_टू_टोरांटो:
एवढं करून पगार काय? क्लिनिकल रिसर्चमध्ये ये, सीव्ही पाठव.

सायनकर:
तिने नोकरी मागितलीय का?

गंगाजळी:
१८९६ मध्ये हँकिन या ब्रिटिश जिवाणूशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय, गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात. फेज (जिवाणू मारणारे व्हायरस) वापरा, अँटिबायोटिकची कटकटच नको.

बोरिवली_बेंच:
अहो, तिला तो मारायचा नाहीये, पहिल्यासारखा करायचाय! बरं पेट्रीडिश, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून ठेवलेलं कल्चर) आहे की तोही नाही?

परळची_पेट्रीडिश:
एक वायल आहे. पहिल्याच आठवड्यातली.

बोरिवली_बेंच:
ती पूर्ण वितळवू नकोस. वरून खरवडून थेट मेरोपेनेमच्या प्लेटवर स्ट्रीक कर. एनडीएमचा पीसीआर (जनुक आहे का ते दाखवणारी चाचणी) दोन्हींचा लाव, वायलचा आणि स्लँटचा. स्लँटमध्ये क्लेब्सिएलाच आहे ना, तेही बघ. भलतंच काही शिरलं असेल तर काकांचं प्लास्मिड बिचारं निर्दोष.

परळची_पेट्रीडिश (चार दिवसांनी):
स्लँटमध्ये क्लेब्सिएलाच आहे. वायलला बँड आला, म्हणजे जनुक आहे; स्लँटला नाही. काका, तुमचंच खरं. वायलमधून दहा नवे स्टॉक केले, दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवले. सरांना अजून सांगितलेलं नाही. ते कसं सांगायचं यासाठी वेगळा धागा काढते.