मरीन टँकमधील वाळूवर आणि काचेवर पुन्हा पुन्हा येणारा तपकिरी थर

प्रश्न (पुणे):
नमस्कार. घरी २०० लिटरचा मरीन (खाऱ्या पाण्याचा) टँक सुरू करून दोन महिने झाले आहेत. त्यात क्लाउनफिशची जोडी, लाइव्ह रॉक (उपयुक्त जिवाणू असलेले सच्छिद्र खडक) आणि अरॅगोनाइटची (चुनखडीयुक्त) वाळू आहे. पाण्याची घनता १.०२५ असून अमोनिया आणि नायट्राइट शून्य, तर नायट्रेट ५ पीपीएमच्या आसपास आहे. वाळूवर आणि काचेवर तपकिरी, भुकटीसारखा थर साचतो. तो पुसला की सहज निघतो, पण दुसऱ्या दिवशी दिवे लागल्यावर संध्याकाळपर्यंत पुन्हा दिसू लागतो. सोसायटीच्या बोअरवेलचे पाणी स्वयंपाकघरातल्या आरओमधून गाळून वापरतो. शैवालनाशक औषध घालावे का?

उत्तर १:
औषध कृपया घालू नका. अशा अनेक औषधांत तांबे असते आणि ते कोळंबी, गोगलगायी व प्रवाळ यांना मारक ठरते. आपण केलेल्या वर्णनावरून हे डायटम, म्हणजे एक प्रकारचे सूक्ष्म शैवाल, वाटतात. त्यांच्या पेशीचे कवच सिलिकाचे असल्यामुळे पाण्यात सिलिकेट मिळत राहील तोवर ते वाढत राहतात. नव्या टँकमध्ये ते बहुधा येतातच आणि पुष्कळदा आपोआप ओसरतात. मात्र आपल्या बाबतीत मला पाण्याचीच शंका येते. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील भूजलात सिलिका बरीच असते. त्यात घरगुती आरओमध्ये चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळणारा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) कंट्रोलर अनेकदा बसवलेला असतो. टँकमधून वाफ होऊन उडते ते केवळ पाणी, त्यामुळे टॉप-अपच्या (उडालेल्या पाण्याच्या भरपाईच्या) प्रत्येक भांड्याबरोबर आपण सिलिकेटची नवी भर घालत असता. आरओच्या पाण्याचा टीडीएस मोजून कळवावा.

उत्तर २:
त्याआधी हे डायनोफ्लॅजेलेट (तपकिरी थर करणारे दुसरे सूक्ष्मजीव) नाहीत याची खात्री करून घ्यावी, कारण त्यांवरील उपाय पुष्कळदा उलटा असतो. त्यांचा थर चिकट व शेंबडासारखा असतो, त्यातून तंतू लोंबतात आणि तंतूंच्या टोकांना हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात. नायट्रेट व फॉस्फेट अगदी शून्यावर गेलेल्या टँकमध्ये ते विशेष बळावतात, म्हणून फॉस्फेट मोजल्याशिवाय जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे) लावू नये. शक्य असल्यास एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा: डायटम होडीच्या किंवा काडीच्या आकाराचे दिसतात, तर डायनोफ्लॅजेलेट बहुधा स्वतःभोवती गरगरताना आढळतात.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. बुडबुडे किंवा तंतू नाहीत. फॉस्फेट ०.०५ पीपीएम आहे. आरओच्या पाण्याचा टीडीएस मात्र ७० भरला. आता सर्व पाणी एकदम बदलावे का?

उत्तर १:
एकदम नको. आरओनंतर डीआय रेझिनचा (पाण्यात उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) टप्पा असलेले वेगळे युनिट घ्यावे आणि त्याच पाण्यात मरीन टँकचे मीठ कालवून दर आठवड्याला सुमारे दहा टक्के पाणी बदलावे. टॉप-अपही त्याच पाण्याचे असू द्यावे. रेझिन संपत आले की सिलिका सर्वांत आधी निसटू लागते आणि टीडीएस मीटरवर ते लगेच उमटत नाही, त्यामुळे मीटर शून्य दाखवत असला तरी रेझिन थोडे लवकरच बदललेले बरे. थर नुसता ढवळू नका, सायफनने ओढून बाहेर काढा. डायटम टँकमध्येच मेले तर त्यांच्या कवचातील सिलिका हळूहळू पाण्यात परत विरघळते. काचेसाठी ट्रोकस आणि वाळूसाठी सेरिथ गोगलगायी उपयोगी पडतात. दुकानदार नॅसॅरियस सुचवतील, पण त्या उरलेले अन्न खातात, शैवाल नव्हे. जीएफओ सिलिकेटही शोषतो, परंतु आपले फॉस्फेट आधीच कमी असल्यामुळे सध्या तो वापरू नये.